गौरी-गणपती आणि दिवाळीची आरास वर्षभर कशी ठेवता? मुखवट्याचा रंग गेला, मदत हवी आहे

उंबरठा

नमस्कार मंडळी. अनंत चतुर्दशी होऊन चार दिवस झाले. हॉलमध्ये आरास अजून तशीच पसरलेली आहे आणि ती आवरायला मला भीती वाटतेय. कारण सांगते.

आमच्याकडे उभ्या गौरी. सासूबाईंनी नाशिकला पंचवटीतल्या वाड्यात चाळीसेक वर्षं केल्या. वाडा सोडून आम्ही इंदिरानगरला फ्लॅटमध्ये आलो आणि तीन वर्षांपूर्वी त्यांनी सगळं माझ्या हाती दिलं. शाडूचे रंगवलेले मुखवटे, पत्र्याच्या कोठ्या, दोन पैठण्या, दागिन्यांचा डबा, फोल्डिंगचं मखर, मोत्यांची तोरणं. गेल्या वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी मी सगळं पुसलं, प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून वरून घट्ट गाठ मारली आणि पोटमाळ्यावर ठेवून दिलं. धूळ लागू नये एवढाच विचार.

यंदा आवाहनाच्या आदल्या दिवशी पिशवी सोडली, तर ज्येष्ठेच्या खालच्या ओठाचा रंग पिशवीलाच चिकटून आला. नखाएवढा पापुद्रा, आणि त्याखाली पांढरी शाडू. मखराच्या मागच्या मखमलीवर राखाडी ठिपके. कुबट वास तर दोन दिवस गेला नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत. करंड्यातलं कुंकू तुपात कालवून त्यांनी बोटाने ओठ रंगवला. मला मात्र तिन्ही दिवस त्या चेहऱ्याकडे नीट बघवलं नाही.

जागा म्हणाल तर बाथरूमवरचा एक पोटमाळा, आणि एक बॉक्सचा पलंग. दिवाळीचे दोन कंदील, पणत्या, लाइटच्या माळा, रांगोळीच्या बाटल्या, गुढीची काठी, सगळं त्यातच. तुम्ही काय करता? अगदी बारीकसारीक सांगितलंत तरी चालेल.

रानजाई

वाचून कसंतरीच झालं गं. आमच्या मखमली पडद्याचंही हेच झालं होतं. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

तांबट_गल्ली

ताई, वाईट वाटून घेऊ नका. चूक पिशवीची आहे, पण त्याहून जास्त दिवसाची आहे. भाद्रपदात आपल्याकडे हवा कशी असते? पाऊस थांबला तरी भिंती ओल्याच असतात, वाळत घातलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही दमट लागतो. त्या हवेत तुम्ही पिशवीला गाठ मारलीत म्हणजे ती दमट हवाच आत कोंडून ठेवलीत. वर उन्हाळ्यात माळा तापतो, आतली ओल सुटते, रात्री गार झालं की तीच पिशवीच्या आतून घामासारखी धरते. शाडूवरच्या रंगाला एवढं पुरे होतं.

माझ्या आईचा नियम होता, गौरीचं सामान दसऱ्यापर्यंत खाटेवर आणि कोजागरी झाली की पेटीत. लहानपणी मला ते नुसतं रेंगाळणं वाटायचं. पण आश्विनात ऊन कडक होतं, हवा कोरडी होते, आणि तेव्हा बंद केलेली पेटी पुढच्या श्रावणापर्यंत वास धरत नाही. म्हणून माझं सांगणं एकच, आता काहीही कायमचं बांधू नका. फक्त पुसून, सुटं करून, हवा लागेल असं ठेवा. बांधाबांध महिनाभराने.

आणि हो, तो तुपाचा ओठ आजच मऊ कोरड्या फडक्याने हलके टिपून घ्या. तूप राहिलं तर मुंग्या येतात.

उंबरठा

काका, पटलं. पण महिनाभर सुटं ठेवायचं कुठे? खाट ठेवायलाच जागा नाही. आणि घरात पाच वर्षांचा मुलगा.

निळी_शाई

टोमॅटोचे क्रेट! पिंपळगावच्या मार्केटला जातात ते जाळीचे प्लास्टिकचे क्रेट. वापरलेले स्वस्तात मिळतात, चारही बाजूंनी हवा खेळते, एकावर एक घट्ट बसतात आणि पलंगाशेजारी चार क्रेटची चवड लावली की वर चादर टाकून टेबल होतं. आधी साबणाने घासून कडक उन्हात वाळवायचे. आम्ही गेली सहा वर्षं गणपतीचं सगळं क्रेटमध्येच ठेवतो. जड खाली, हलकं वर.

प्लास्टिकची आणि कापडी फुलं मात्र कांद्याच्या जाळीच्या गोणीत. गोणी खिळ्याला टांगायची. फुलं चुरगळत नाहीत आणि दुसऱ्या वर्षी गोणीसकट साबणाच्या पाण्यात बुडवून काढता येतात. वाळवताना सावलीत, उन्हात रंग उडतो.

सोनचाफा

मी तर द्राक्षांचे खोके वापरते. मजबूत असतात, भोकं पण असतात, फुकट मिळतात. आणि प्रत्येकात दोन डांबराच्या गोळ्या. कसर लागत नाही.

द्राक्षवेल

सोनचाफा ताई, खोक्यांबद्दल एक महत्त्वाचं. आमची निफाडकडे बाग आहे. निर्यातीच्या द्राक्षांवर पॅकिंग करताना एक कागदी पॅड ठेवतात. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. ओलावा लागला की त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो आणि द्राक्षाला बुरशी लागत नाही. द्राक्षासाठी चांगलं, पण तो पॅड खोक्यात राहिला आणि वर तुम्ही आरास भरलीत, तर तोच वायू रंग फिका करतो आणि धातूला खातो. आमच्या वहिनींनी चांदीची निरांजनं अशा खोक्यात ठेवली होती, पाडव्याला काळीठिक्कर निघाली. जिलेटिनच्या रंगीत फुलांचाही रंग गेला होता.

खोका घ्यायचा तर तळाचे कागद, पॅड सगळं काढा, चार दिवस उन्हात उघडा ठेवा. आणि काही झालं तरी चांदी, जर, पितळ त्यात नको. शिवाय पुठ्ठा ओल पितो आणि वाळवीला आवडतो, म्हणून भिंतीला आणि फरशीला टेकवून ठेवू नये.

सोनचाफा

बापरे, पॅडचं माहीतच नव्हतं. आजच उघडून बघते. आभार.

येवल्याची_लेक

आता गोळ्यांबद्दल मी बोलते. पैठणीच्या घरातली आहे. जरीजवळ डांबराची गोळी आमच्याकडे कधीच ठेवत नाहीत, जर काळवंडते असं माझी आजी निक्षून सांगायची. गौरीची पैठणी उतरवली की आधी एक रात्र हवेवर, घडी न घालता. हळद, कुंकू, अत्तर लागलंय का ते उजेडात बघायचं. मग जुन्या मऊ सुती धोतरात किंवा मलमलीत गुंडाळायची. प्लास्टिक नको. हँगरला लटकवून वर्षभर ठेवायची नाही, जरीच्या वजनाने कापड ओढलं जातं. आणि तीन-चार महिन्यांनी उघडून घडी बदलायची. एकाच घडीवर राहिली तर पैठणी तिथेच चिरते. मी संक्रांतीला आणि अक्षय्य तृतीयेला घडी मोडते, सण लक्षात राहतो म्हणून कामही लक्षात राहतं.

किड्यांसाठी वेखंड. सुक्या वेखंडाचे तुकडे सुती पुरचुंडीत बांधायचे, कपड्याला थेट लागू द्यायचे नाहीत. कडुनिंबाचा पाला चालतो, पण तो पूर्ण वाळलेला हवा, ओलसर पाला उलट डाग पाडतो.

काजळमाया

डांबराच्या गोळीबद्दल माझाही अनुभव. आमच्याकडे थर्माकोलचं जुनं मखर होतं, बंदीच्या आधीचं, म्हणजे २०१८ च्याही आधी घेतलेलं. फेकवेना म्हणून पेटीत ठेवलं, बरोबर गोळ्या. वर्षाने बघते तर जिथे गोळी टेकली तिथे थर्माकोलला खड्डा, कडा वितळल्यासारख्या. गोळीची वाफ थर्माकोल आणि काही प्लास्टिक मऊ करते. नकली मोतीसुद्धा चिकट होतात.

नवीन मखर घेणार असाल तर एक विनंती, एमडीएफचं घेताना कडा बघा. कडेला रंग किंवा पट्टी नसेल तर पावसाळ्यात ओल शोषून ती फुगते आणि खाचा एकमेकांत बसत नाहीत. आम्ही आता सागाच्या चार पट्ट्यांची चौकट करून घेतलीय. दरवर्षी तिच्यावर वेगळी साडी किंवा खणाचं कापड. ठेवायला लागतात फक्त चार पट्ट्या.

फेज_न्यूट्रल

लाइटच्या माळांवर कोणीच बोललं नाही, तर मी लिहितो. अंबडला इलेक्ट्रिकचं काम करतो, दिवाळीच्या आधी गल्लीतल्या सगळ्यांच्या माळा माझ्याकडे येतात. बहुतेक माळा वापरून बिघडत नाहीत, ठेवताना बिघडतात.

आधी उतरवण्यापूर्वी लावून बघा. बंद माळ वर्षभर जपून ठेवण्यात अर्थ नाही. जुन्या बारीक बल्बच्या माळेत दिवे सिरीजमध्ये असतात. ६ व्होल्टचे ४० दिवे एकापाठोपाठ जोडले की २४० व्होल्ट वाटले जातात. त्यात एक दिवा खोबणीत सैल झाला की अख्खी रांग बंद. म्हणून बंद माळ दिसली की फेकू नका. प्लग काढा, एकेक दिवा दाबून बसवा, मग परत लावा. एलईडीच्या माळेत अर्धाच भाग बंद असेल तर तेवढ्याच भागाची जोडणी तुटलेली असते.

गुंडाळताना हाताच्या कोपराभोवती दोरखंडासारखं गुंडाळू नका. वायरला पीळ बसतो आणि दिव्याच्या बुडाशी तार तुटते. जाड पुठ्ठ्याचा फूटभर तुकडा घ्या, दोन्ही टोकांना खाच करा. शेवटच्या दिव्यापासून सुरुवात करून प्लग सगळ्यात वर राहील असं सैल गुंडाळा. म्हणजे पुढच्या वर्षी न सोडता लावून बघता येते. पुठ्ठ्यावर लिहा: कुठे लावली, किती लांब, कोणता रंग. "बाल्कनी, डावीकडून, १० मीटर" एवढं पुरतं.

सेलवर चालणारी माळ असेल तर सेल काढाच. आत राहिले तर पाझरतात आणि पट्ट्या गंजतात. माळा लोखंडी डब्यात ठेवल्या तर उत्तम, उंदीर वायर कुरतडतात. कुरतडलेली माळ चिकटपट्टी मारून वापरू नका, ती गेली समजा.

रानजाई

दादा, "शेवटच्या दिव्यापासून" हे सोन्यासारखं आहे. दरवर्षी प्लग आतच अडकलेला असतो.

शरणपूरकर

आमचं सामान नाताळचं, पण अडचण तीच. आमच्याकडे गव्हाणीचा देखावा असतो. प्लास्टरच्या छोट्या मूर्ती, मेंढ्या, उंट, तीन ज्ञानी पुरुष. आजोबांच्या वेळच्या आहेत, कान-शिंगं फार नाजूक. आम्ही अंड्यांचे कागदी ट्रे वापरतो. लहान मूर्ती एकेका खळग्यात, वर मलमलीचा तुकडा, त्यावर दुसरा ट्रे उपडा. वर्तमानपत्र थेट मूर्तीला लावायचं नाही, शाई लागते. बाळ येशूची मूर्ती मात्र वेगळ्या डबीत, ती आई स्वतः काढते आणि स्वतः ठेवते.

आमच्या बाजूला एक सोपं आहे. नाताळचं सामान जानेवारीत आवरतो, तेव्हा नाशिकची हवा एकदम कोरडी. त्यामुळे थेट हवाबंद डब्यात ठेवलं तरी कधी बुरशी आली नाही. तांबट काकांचं म्हणणं इथे पटतं. चांदण्यांच्या कंदिलाचा कागद काढून फक्त कामट्यांचा सांगाडा ठेवतो, त्याला जागाही कमी लागते.

कोठीघर

सांगाडा ठेवता ना, मग एक बघत जा. बांबूच्या कामट्यांना बारीक भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर आत किडा आहे. तो सांगाडा बाकी सामानापासून लगेच वेगळा करा. गुढीच्या काठीलाही हेच. आमची काठी मी दरवर्षी पाडव्यानंतर उन्हात ठेवते, जवसाच्या तेलाचा हात फिरवते आणि आडवी दोन खिळ्यांवर ठेवते, भिंतीपासून बोटभर सुटी.

कागदी कंदील ठेवायचाच असेल तर खळीने चिकटवलेला ठेवू नका. कसर त्या पिठावरच येते. आणि उंबरठा ताई, कोठ्या आतून बघितल्यात का? आमच्याकडे कोठीत गहू भरतात. एका वर्षी मूठभर गहू तळाशी राहिले, आणि पुढच्या भाद्रपदात कोठी उघडल्यावर सोंडे थेट मुखवट्याच्या कापडापर्यंत गेलेले. कोठी उलटी करून आपटायची, मग आत हात फिरवून बघायचं.

उंबरठा

बघितलं. दुसऱ्या कोठीत शिवणीच्या फटीत दहा-बारा दाणे होते! मी तीन वर्षं आत हातच घातला नव्हता.

गोदाकाठ

आम्ही सराफ बाजाराच्या मागे राहतो. आमच्या घरात "कसं ठेवायचं" याच्या आधी "किती उंचावर ठेवायचं" हा प्रश्न येतो. २००८ च्या पुरात खालच्या मजल्यावरची ट्रंक गेली. तिच्यात आईची गौरीची सगळी तोरणं होती, मण्यांची, तिने हाताने ओवलेली. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर आत नुसता गाळ. त्या गाळातून मी मणी वेचत बसले होते. एका वाटीत मावतील एवढेच मिळाले, ते अजून आहेत. २०१६ ला आणि २०१९ ला पाणी परत आलं, पण तोवर आम्ही शहाणे झालो होतो.

गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेच्या वर पाणी गेल्याचं कळलं की आम्ही खालचं सामान हलवायला लागतो. पण गौरीचं सामान आधीच वर असतं. अडचण अशी की पूर येतो नेमका श्रावण-भाद्रपदात, म्हणजे आरास खाली काढायच्याच दिवसांत. म्हणून आम्ही सगळं एकदम खाली आणत नाही. ज्या दिवशी जे लागेल तेवढंच. नदीच्या बाजूला राहणाऱ्या सगळ्यांना हे कळकळीने सांगते, पितळ-चांदी धुऊन परत मिळते, पण हाताने केलेलं, कागदाचं, कापडाचं आधी वर न्या.

तांबट_गल्ली

गोदाकाठ ताई, ते मणी नवीन दोऱ्यात ओवून एक छोटं तोरण करा. वाटीत नका ठेवू.

पितळेचं राहिलं होतं. समया, निरांजनं चिंच-मिठाने घासली की लखलखतात, पण चिंचेचा अंश सांध्यात राहिला तर महिनाभरात तिथेच हिरवं चढतं. म्हणून समईचे सगळे आटे सोडायचे, दोनदा साध्या पाण्याने धुवायचं, पुसून तासभर उन्हात, आणि हाताला कोमट लागेपर्यंत जोडायचं नाही. चांदीला रबरबँड कधी लावू नका. रबरात गंधक असतं, जिथे रबर तिथे काळी रेघ उमटते. सुती दोरा बांधा.

पाऊलवाट

कॉलेज रोडला सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते. आमचा माळा थेट स्लॅबखाली. एप्रिलमध्ये तिथे हात लावला तरी चटका बसतो. दिवाळीच्या मेणाच्या पणत्या वितळून एकमेकींत गेल्या, आणि ग्लू गनने चिकटवलेली सगळी फुलं तोरणावरून सुटून पडली. आता मेण आणि ग्लूचं काम खालच्या कपाटात, माळ्यावर फक्त लाकूड आणि धातू. चिकटवण्याऐवजी मी सुई-दोऱ्यानेच टाचते, वेळ लागतो पण टिकतं.

मातीच्या पणत्या ठेवायच्या असतील तर धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर भिजवा, तेल वर येतं. मग दोन दिवस ऊन. तेलकट ठेवल्या तर झुरळं येतात.

अबोली

मला फक्त वहीबद्दल सांगायचंय. माझ्या आईची एक दोनशे पानी वही होती. दर वर्षी गौरी उठल्यावर ती त्यात लिहायची: काय वापरलं, कुठे ठेवलं, काय मोडलं, काय आणायचं. "धाकटीच्या नथीचा मोती सैल, सोनाराकडे." आई गेल्यानंतरच्या भाद्रपदात घरात कोणालाच काही माहीत नव्हतं, वहीवरून सगळं उभं राहिलं. आता मी फोटोही काढते. दागिने घातल्यावर समोरून एक, मागून एक, कारण मागच्या गाठी कुठे बांधल्या तेच दर वर्षी आठवत नाही. पण फोटो फोनमध्ये हरवतात. वही पेटीतच असते.

निळी_शाई

वाचनखूण साठवली. अबोली, तुझ्या प्रतिसादासाठी.

उंबरठा

मंडळी, तुळशीचं लग्न झालं. उशिरा लिहितेय, पण सगळं करूनच लिहायचं ठरवलं होतं.

कोजागरीपर्यंत सगळं चार क्रेटमध्ये, बेडरूमच्या खिडकीशी. मुलगा दोन दिवस डोकावला, मग विसरला. मखमल उन्हात घालून कोरड्या ब्रशने झटकली, ठिपके पुसट झालेत पण गेले नाहीत. सासूबाई म्हणाल्या ती काढून टाक, पुढच्या वर्षी चौकटीवर माझी जुनी इरकल लाव. बाथरूमवरचा माळा मी पूर्ण रिकामा केला. गीझरची वाफ रोज तिथेच जाते हे इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं. आता तिथे फक्त बादल्या आणि जुने डबे.

ज्येष्ठेचा मुखवटा घेऊन मूर्तिकाराकडे गेले. तो म्हणाला, दोन्ही चेहरे पूर्ण रंगवून देतो, नवे दिसतील. मी घरी फोन लावला. सासूबाईंनी सांगितलं, फक्त ओठ. डोळ्यांना हात लावायचा नाही, त्या डोळ्यांनी मला नवी सून असल्यापासून बघितलंय. तेवढाच ओठ त्याने रंगवला. जुन्या रंगापेक्षा किंचित गडद झालाय, जवळ गेलं की कळतं.

मुखवटे धुतलेल्या मलमलीत सैल गुंडाळून स्टीलच्या डब्यात, तळाला सिलिका जेलच्या पुड्या आणि वेखंडाची पुरचुंडी. डबा आता कपाटात वरच्या कप्प्यात. दिवाळीत मुद्दाम उघडून वास घेतला, नुसत्या वेखंडाचा आला. सासूबाईंनाही हुंगायला दिला.

वही आणली आहे. पहिलं पान त्यांनी लिहिलं, दागिन्यांची यादी, कोणता कोणाचा ते. दुसऱ्या पानावर मी माळा आणि कंदील लिहिलेत. चौथ्या क्रेटवर चिठ्ठी लावायची तेवढी राहिली आहे, उद्या लावते.